भिंतीखालचं पाणी

चेन्नईत अड्यारला वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेले, तेव्हा मामांनी मला जिन्याकडे नेलंच नाही. त्यांच्या हातात एक लांब लोखंडी सळई होती. तिनं त्यांनी अंगणात इथे तिथे ठोकलं आणि विचारलं, "सांग, पोकळ कुठे वाजलं?"

मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते, उन्हानं आणि भुकेनं वैतागले होते. तरी नारळाच्या बुंध्याजवळची जागा दाखवली, कारण तिथला आवाज खरंच वेगळा होता. मामांचा चेहरा उजळला. घराकडे तोंड करून ते ओरडले, "अगो, ऐकलंस का? हिला खोली द्यायची!" भाडं किती, जेवण कुठे, येणारे-जाणारे कोण, हे सगळं नंतर मामींनी विचारलं. मामांच्या दृष्टीनं परीक्षा झाली होती आणि मी पास होते.

मामा माझे कुणी लागत नव्हते. चेन्नईत वयस्क घरमालकाला मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणतात, तेवढंच नातं. पण ते मराठी होते, तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज राजेलोकांबरोबर कधीतरी इकडे आले आणि इकडचेच झाले. मामांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. शब्द पोथीतले आणि हेल तमिळ. 'पाहिजे' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. ते विचारायचे, "तुला काफी होणे का?" माझं बोलणं ऐकून हसू त्यांनाही यायचं. मला ते 'पुणेकर' म्हणायचे. मी अकोल्याची, अकोला आणि पुणे ह्यांत एक रात्रीचा प्रवास आहे, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. "असूं दे," ते म्हणायचे, "इथून पाहिलं तर सगळें पुणेंच."

बँकेतून ते निवृत्त झाले होते. घरात असले की इतर निवृत्त माणसांसारखेच वागायचे. पेपर वाचायचे, गोळ्या विसरायचे, पंख्याच्या वेगावरून मामींशी भांडायचे. अंगणात उतरले की निराळेच. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तिच्याखाली काळे गमबूट, हातात सळई, आणि मागे कुदळ-घमेलं घेतलेला एखादा कंटाळलेला मजूर. आपल्या अंगणाखाली काय काय पुरलेलं आहे ते त्यांना शोधून काढायचं होतं. सोनंनाणं नव्हे. गटारं.

घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील ड्रेनेजच्या खात्यात ओव्हरसीयर होते. गल्लीत सरकारी गटार यायच्या आधीचं घर, त्यामुळे अंगणाच्या पोटात वेगवेगळ्या काळातल्या टाक्या, खड्डे आणि नळ एकमेकांना ओलांडून गेले होते. वडिलांनी नकाशा काढून ठेवला नव्हता. सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात होता, आणि डोकं त्यांच्याबरोबर गेलं.

मी राहायला आल्यावर सापडलेली पहिली वस्तू म्हणजे स्वयंपाकघरामागची विटांची चौकोनी पोकळी. मामा तिच्या काठावर पालथे पडले होते.

"आत हात घाल आणि सांग, गुळगुळीत लागतंय का?"

"मी हात घालणार नाही."

"बरं, मी घालतों. गुळगुळीत आहे. म्हणजे आतून प्लास्टर. म्हणजे पाणी धरून ठेवण्यास बांधलंय. ही टाकी."

पुढे तुळशीमागे एक गोल खड्डा निघाला. त्याच्या विटा नुसत्या एकावर एक रचलेल्या, सांध्यांत चुना नाही, सिमेंट नाही. कोणा अडाण्याचं काम, असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. मामा दुखावले. "अडाणी कशास? मुद्दाम उघडे ठेवलेत. पाणी आलें की आजूबाजूच्या मातीत जावें म्हणून. हा शोषखड्डा. हा काहीसुद्धा धरून ठेवत नाही."

तेव्हापासून त्यांनी गल्लीतल्या माणसांची वाटणी केली. जो धरून ठेवतो तो टाकी, जो सोडून देतो तो शोषखड्डा. मामी शोषखड्डा, कारण सकाळचं भांडण त्यांना दुपारी आठवत नसे. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला शोषखड्डा. वरच्या गल्लीतल्या निवृत्त प्राध्यापिका टाकी, "आणि साफ केव्हा केली होती ते देवास ठाऊक." मी कोण, असं विचारलं तर म्हणाले, "पुणेकर अजून कळत नाही. खणून पाहावं लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी टाकी. आतून प्लास्टर. वडिलांचं काम पक्कं असायचं." असं म्हणून हसले, आणि हसता हसता त्यांची नजर उजव्या हाताच्या भिंतीकडे गेली.

त्या भिंतीबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पुरुषभर उंचीची, अंगणाच्या अगदी मधून गेलेली. पलीकडे आमच्या घरासारखंच घर, तशाच खिडक्या, तसाच जिना, फक्त आरशात बघितल्यासारखा उलटा. तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. बायको गेलेली, मुलगी कोइमतूरला. कधी फाटकाशी दिसले तर मी मान हलवायची, तेही हलवायचे. चेहरा मामांचाच, पण जरा वाळलेला. मामा त्यांचा उल्लेख 'पलीकडचे' असा करत, तोही क्वचित.

"सख्खा धाकटा भाऊ," मामींनी एकदा गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालता घालता सांगितलं. वाटणी झाली तेव्हा भांडण नव्हतं. भिंत घालतानासुद्धा दोघे भाऊ एकाच चटईवर बसून मजुरांना चहा देत होते. भांडण झालं ते धाकट्याच्या मुलीच्या निश्चितार्थाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी. नवऱ्याकडची माणसं पंक्तीला बसली होती, पानं वाढून झाली होती. आदल्या दिवशी खूप पाऊस झाला होता. धाकट्याच्या अंगणातल्या मोरीतून काळं पाणी वर यायला लागलं ते थेट पंक्तीपर्यंत. केळीची पानं त्यात तरंगायला लागली. धाकटा रागानं वेडा होऊन भिंतीपाशी आला आणि ओरडला, "तुझ्या घरची घाण माझ्या मुलीच्या पानात आली!"

"मग मामा काय म्हणाले?"

मामींनी पळीतलं पीठ पुन्हा पातेल्यात टाकलं. "म्हणाले, माझ्या घरातून घाण जात नाही. तुझ्या घरात आधीपासून असेल ती वर आली. नवऱ्याकडची माणसं ऐकत होती गं. असं बोलावं का?"

लग्न झालं ते व्यवस्थित झालं. मुलगी सुखात आहे. पण लग्नाला मामा गेले नाहीत, त्यांना बोलावलंही नाही. आणि तेव्हापासून मामांनी गमबूट घातले. ते काळं पाणी आपल्या घरचं नव्हतंच, आपली गटारं वेगळी आहेत, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. एवढं सगळं खणणं त्या एका वाक्यासाठी चाललं होतं.

हे कळल्यावर मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्याच आठवड्यात त्यांनी मला हिंगाच्या कामाला लावलं आणि राग राहून गेला.

ही त्यांच्या वडिलांची पद्धत. गटार कुठून कुठे जातं ते कळत नसेल तर वरून उकळत्या पाण्यात हिंग कालवून ओतायचा, आणि खाली अंगणात नाक लावून फिरायचं. जिथे हिंगाचा वास येईल तिथे नळ फुटलाय किंवा तिथूनच तो जातोय. लहानपणी दोघा भावांची ही आवडती कामगिरी असायची. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं हुंगायचं. आता ओतायला मी होते. मामींनी कुरकुरत हिंगाची डबी दिली. मी माझ्या बाथरूममध्ये पातेलं ओतलं आणि खिडकीतून बघायला लागले. मामा वाकून, दोन्ही हात पाठीमागे घेऊन, नारळाकडून तुळशीकडे, तुळशीकडून भिंतीकडे हुंगत चालले होते. मला हसू आवरेना.

वास त्यांना कुठेच येईना. मग भिंतीपलीकडून एक म्हातारा आवाज आला. कुणाला उद्देशून नव्हे, नुसताच मोठ्यानं. "पुडीच्या हिंगानं काय कळतंय? खड्याचा होणे, खड्याचा!"

मामा जागच्या जागी ताठ झाले. हिंग पलीकडे पोचला होता. त्याहून त्यांना झोंबलं ते दुसरं. "माझी अक्कल काढतो," ते जिन्यात मला म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "मामा, ते सांगतायत तुम्हाला. मदत करतायत." "तुला कळत नाही. तू पुणेकर." पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैलापूरला जाऊन खड्याचा हिंग घेऊन आले.

खड्याच्या हिंगानं एका फेरीत काम केलं. वास भिंतीच्या मुळाशी आला, नारळाजवळ, मी पहिल्या दिवशी दाखवलेल्या त्याच जागी. तिथे खणलं तेव्हा विटांची एक कमान लागली. कमान भिंतीकडे गेली आणि भिंतीखाली शिरली. बॅटरी पाडून बघितलं तर खाली एक लांबट खोली होती. आमच्या घराच्या मोरीचं पाणी एका टोकाकडून तिच्यात पडत होतं, आणि पलीकडच्या टोकाला, भिंतीच्या पार, दुसऱ्या नळाचं तोंड दिसत होतं. मधून एकच नळ दोघांचं पाणी घेऊन रस्त्याकडे जात होता. वडिलांनी एका घरासाठी एकच चेंबर बांधलं होतं. पुढे मुलांनी घराचे दोन भाग केले आणि नेमकी त्याच्या डोक्यावर भिंत घातली.

मामा कितीतरी वेळ बॅटरी धरून बसले होते. रस्त्याकडच्या नळाच्या तोंडाशी तपकिरी मुळांचा अंबाडा वाढला होता. नारळाची मुळं. ती नळात शिरली होती, त्यांच्यामुळे पाणी तुंबलं होतं, आणि तुंबलेलं पाणी उताराच्या बाजूला, म्हणजे धाकट्याच्या मोरीतून वर आलं होतं. तो नारळ भिंत घालताना मामांनी स्वतः लावला होता. धाकटा नको म्हणत असताना.

मजुरानं मुळं तोडून काढली, नळ मोकळा केला. जेवताना मामा भाताचा घास तसाच हातात धरून मामींना म्हणाले, "माझंच होतं गं तें पाणी."

"मग जा आणि सांगा त्यास."

"सांगतों."

"केव्हा?"

"सांगतों म्हटलं ना."

मी वरून ऐकत होते. जिना घराच्या मधूनच असल्यामुळे त्या घरातलं काहीच माझ्यापासून लपत नसे. मला वाटलं, आता हे उठतील, फाटक उघडतील, आणि पलीकडच्या फाटकाशी जाऊन एक वाक्य बोलतील. चार पावलांचं अंतर. पण मामा त्या दिवशी गेले नाहीत, दुसऱ्याही दिवशी गेले नाहीत. मग 'नवरात्र होऊं दे' झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की दिवाळीला धाकट्यानं थोरल्याकडे नमस्काराला यायचं ही घरची रीत आहे. तो आला की आपण सांगू. दिवाळीच्या पहाटे त्यांनी फाटकाची कडी काढून ठेवली. कुणी आलं नाही. मामी म्हणाल्या, "ज्याच्या पंक्तीत घाण आली त्यानं तुमच्या पाया पडायला यावं का?" मामांनी उठून कडी पुन्हा लावली. टाकी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर एकदा मामांनी मला हाका मारून खाली बोलावलं. चेंबरवर बसवून घेतलेलं लोखंडी झाकण उघडं होतं. पलीकडच्या नळाच्या तोंडातून निळं पाणी येत होतं. गडद, कपड्यांना घालायची नीळ. हिंग महाग पडला तर वडील नीळ घालून बघायचे. पलीकडच्यांनी कुणालाही न विचारता आपल्या मोरीतून नीळ ओतली होती.

"त्यांनाही कळलंय," मी म्हटलं. "ते तुम्हाला सांगतायत की दोघांचं एकच आहे. आता तरी जा ना."

"नीळ फार घातली त्यानं," मामा म्हणाले. "लहानपणीसुद्धा असंच करायचा. वडील ओरडायचे." आणि निळं पाणी वाहून संपेपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. गेले मात्र नाहीत.

काम संपलं होतं. अंगणाखालची सगळी बांधकामं ओळखून झाली होती. आता झाकण सिमेंटनं बंद करून टाकतील आणि सकाळच्या वासापासून माझी सुटका होईल, अशी माझी समजूत होती. पण मामांनी झाकण मोकळंच ठेवलं. रोज पहाटे उजाडायच्या सुमारास ते लोखंडी झाकण खणकन् बाजूला सारत, काही वेळ वाकून बसत, मग "कावेरी झाली" असं म्हणून झाकण लावत आणि कॉफीला आत जात. पाहुणे विचारायचे, "काय करताय?" मामा म्हणायचे, "परीक्षा." माझी झोप त्या खणखणाटानं मोडायची. एका सकाळी मी तणतणत खाली गेले.

"मामा, आता कसली परीक्षा? काय राहिलंय ओळखायचं?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी वाकले. खाली अंधारात, पलीकडच्या टोकाला पाणी पडत होतं. सलग नव्हे. एक झोत, मग थांबणं, मग पुन्हा झोत.

"अंघोळ करतोय," मामा तांब्यानं पाणी ओतल्यासारखा हात करून कुजबुजले. "चोंबूनं. एकेका चोंबूला एकेक नदीचं नाव. वडिलांनी लावलेली सवय. ही गंगा. ही यमुना. गोदावरी. सरस्वती. नर्मदा. आता थांब. आता अडकेल."

पाणी खरंच थांबलं. थांबलेलंच राहिलं.

"सिंधू आठवत नाही त्यास. कधीच आठवली नाही. वडील मोरीच्या बाहेर उभे राहून ओरडायचे, सिंधू रे, सिंधू!" मामांचे डोळे मिटलेले होते, चेहऱ्यावर हसू होतं. खाली पुन्हा एक झोत पडला. "आठवली. आता कावेरी." आणि उरलेली अख्खी बादली उपडी केल्यासारखा मोठा लोट आला, कमानीखाली घुमला आणि रस्त्याकडे निघून गेला. "आपली नदी ना, म्हणून तिला जास्त. कावेरी झाली," मामा म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं.

त्यानंतर त्या वासाबद्दल मी कधी तक्रार केली नाही. झोपमोडीचीही नाही. एवढंच वाटायचं की जो माणूस रोज पहाटे भावाच्या अंघोळीचं पाणी ऐकायला बसतो, त्याला उठून त्याच्या दारात जाता येत नाही, हा काय प्रकार आहे? मी एकदा तसं स्पष्ट विचारलं. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "जाईन. काय बोलायचं तें ठरवतोंय." मी म्हटलं, "त्यात ठरवायचं काय? ते माझंच पाणी होतं, एवढंच म्हणायचं." ते म्हणाले, "एवढंच तर म्हणता येत नाही."

इथे दिवाळीच्या सकाळी लोक एकमेकांच्या दारात जाऊन विचारतात, 'गंगास्नानम् आच्चा?' म्हणजे गंगास्नान झालं का. पुढच्या दिवाळीलाही मी सुट्टी न घेता चेन्नईतच राहिले होते. पहाटे खिडकीतून बघितलं तर मामा झाकण सारून वाकलेले, नवी वेष्टी, कपाळाला गंध. खालची कावेरी होऊन गेली होती, तरी ते उठले नव्हते. त्या काळोख्या तोंडाशी तोंड नेऊन ते अगदी हळू म्हणाले, "गंगास्नानम् आच्चा?" मग कान लावून बसले. पलीकडून उत्तर आलं की नाही मला ठाऊक नाही. मामा उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मामींनी दिलेला लेहियम, ते दिवाळीचं औषधी चाटण, मात्र त्यांनी न कुरकुरता खाल्ला.

असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. मला वाटतं मामांची समजूत होती की कायमचंच चालेल.

एका सकाळी झाकण सारल्याचा खणखणाट झाला, पण लावल्याचा झाला नाही. माझा डबा भरून झाला, केस विंचरून झाले, तरी नाही. खाली बघितलं तर मामा वाकलेलेच. मी गेले. ते म्हणाले, "उशीर झालाय त्यास. आज उठला नसेल लवकर." ऊन नारळाच्या शेंड्यावरून खाली आलं होतं. मी म्हटलं, "मी जाऊन बघते." त्यांनी माझा हात धरला. "थांब. येईल पाणी." आम्ही थांबलो. खालून फक्त आमच्याच मोरीचं पाणी टपकत होतं. मग त्यांनीच माझा हात सोडला. "तू जा. पण मी पाठवलं म्हणून सांगूं नको."

पलीकडच्या फाटकाला कुलूप होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं की उजाडायच्या आधी ॲम्ब्युलन्स आली होती. अंगाला घाम सुटला होता, त्यांनी स्वतःच फोन करून बोलावली. भाऊ शेजारी असताना. हे मी मामांना सांगितलं नाही, पण ते त्यांना कळल्यावाचून राहिलं नसणार. त्यांच्या फाटकापासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर ती गाडी उभी राहिली होती.

हॉस्पिटलला आम्ही तिघं रिक्षानं गेलो. मामांच्या पायात गमबूटच होते. ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. कोइमतूरहून मुलगी दुपारी पोचली. तीच मुलगी, जिच्या पंक्तीत पाणी आलं होतं. आता तिच्या केसांत एखाददुसरा पांढरा केस दिसत होता. तिनं मामांना बघितलं आणि "पेरिप्पा" म्हणत सरळ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तमिळमध्ये थोरल्या काकाला पेरिप्पा म्हणतात. मामांना काय करावं कळेना. हात हवेत धरून उभे राहिले.

मग ती रडत रडत मामींशी बोलत होती ते मी ऐकलं. "अप्पांना मी किती वेळा सांगितलं, थंडीचं पहाटे अंघोळ करू नका, उशिरा करा. ऐकायचे नाहीत. म्हणायचे, पलीकडे झाकण वाजलं की मी सुरू करतों. तो येऊन बसलेला असतो. कुठे बाहेरगावी गेले तर म्हणायचे, इथे कशी अंघोळ करूं, झाकण नाही."

मामा आमच्यापासून दोन हातांवर बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं. वर बघितलं नाही. गमबुटांकडे बघत राहिले.

आत एकेकालाच सोडत होते. मामा आत गेले आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. मामींनी डोळ्यांनीच विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं. तंबी, तें माझंच पाणी होतं, म्हणून सांगितलं." तंबी म्हणजे धाकटा भाऊ; इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून भावासाठी 'पलीकडचे' सोडून दुसरा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "नळ्या लावल्यात त्यास. ऐकू आलं की नाही, काय ठाऊक." नर्स म्हणाली होती की ऐकू येत असेल, बोला. नर्सेस असं म्हणतातच.

धाकटे भाऊ त्या हॉस्पिटलमधून परत आले नाहीत.

पुढचं सांगायचं तर मुलीनं ते घर भाड्यानं दिलं. माझं लग्न झालं आणि मी शोळिंगनल्लूरला एका उंच इमारतीत राहायला गेले. एकदा मामा-मामींना भेटायला गेले तेव्हा चेंबरचं झाकण सिमेंटनं बंद केलेलं दिसलं. मामाच म्हणाले, "तिकडे शॉवर बसवलाय नव्या माणसांनी. पाणी सुरू झालं की थांबतच नाही. काय ऐकायचं त्यात?" आणि त्यांनी विचारलं, "काफी होणे का?" गमबूट पायरीवर उभे ठेवलेले होते, त्यांत मामींनी कढीपत्ता लावला होता. मी हसले, कारण मामी माझ्याकडे हसून बघत होत्या. पण मला ते अंगण ओळखता येईना.

माझ्या आठवणीत मामा आहेत ते त्याआधीचे. भावाचं सगळं करून स्मशानातून परत आले त्या दिवशीचे. स्मशानातून आलं की घरात पाऊल टाकायच्या आधी अंघोळ करायची. मामींनी मागच्या मोरीत गरम पाण्याची बादली आणि पितळेचा चोंबू ठेवला होता. एरवी मामांची अंघोळ म्हणजे दोन मग आणि बाहेर. नद्यांची नावं घ्यायला त्यांना वेळ नसे, ते अंगणात पळायचे. मी वरच्या खिडकीत होते. खालून चोंबू भरल्याचा आवाज आला, आणि मामांचा आवाज, शाळेतल्या मुलासारखा मोठ्यानं. गंगा. पाणी पडलं. यमुना. गोदावरी. सरस्वती. नर्मदा.

मग पाणी थांबलं.

मामी मोरीच्या बाहेर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. जरा थांबून त्या दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सिंधू."

"ठाऊक आहे मला," मामा आतून म्हणाले. "थांब जरा. त्यास आठवूं दे."

मामी थांबल्या. मीही थांबले. पलीकडच्या बंद घराच्या खिडकीवर ऊन पडलं होतं. कितीतरी वेळानं चोंबू बादलीत बुडाल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर अख्खी बादली उपडी झाली. ते पाणी मोरीतून गेलं, नारळापाशी गेलं, भिंतीखाली गेलं. झाकण लावलेलं होतं. कावेरी झाली म्हणायला अंगणात कुणी नव्हतं.